ओझोनचे पीपीएम म्हणजे नक्की कशातले? (गणितं, रूपांतरं आणि शंका)

झरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

हल्ली ओझोनबद्दल विचारणा बरीच वाढली आहे. कुणी जारच्या पाण्याचा प्लांट टाकतंय, कुणी भाज्या धुवायचं यंत्र घेतलंय, कुणाला खोलीतला कुबट वास घालवायचाय. प्रत्येकाकडे एक आकडा असतो आणि आकड्यापुढे "पीपीएम" (दहा लाख भागांत किती भाग). मी विचारतो, कशातले पीपीएम? उत्तर सहसा येत नाही, कारण विकणाऱ्यानेच ते सांगितलेलं नसतं. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी लोकांचे पैसे वाया जातात, आणि कधी कधी छातीत त्रास होईपर्यंत गोष्ट जाते. म्हणून हा धागा.

पाण्यात १ पीपीएम म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर, किलोत दहा लाख मिलिग्रॅम, म्हणजे वजनाला वजन. हा सरळ हिशोब आहे.

हवेत मात्र पीपीएम आकारमानाचं असतं: दहा लाख लिटर हवेत एक लिटर ओझोन वायू. त्याचं वजन काढायचं तर ओझोनचा रेणुभार ४८ घ्या. २५ अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला कुठल्याही वायूचा एक मोल (म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम) २४.४५ लिटर जागा व्यापतो. ४८ भागिले २४.४५ म्हणजे १.९६. म्हणून हवेतला १ पीपीएम ओझोन = १.९६ मिग्रॅ प्रति घनमीटर. घनमीटरात हजार लिटर, म्हणजे लिटरमागे जेमतेम ०.००२ मिग्रॅ. थोडक्यात, पाण्यातला १ पीपीएम आणि हवेतला १ पीपीएम यांच्यात लिटरमागे पाचशे पटींचा फरक आहे, आणि शब्द मात्र एकच.

तिसरी जागा यंत्राच्या तोंडाशी. जनरेटरमधून (ओझोन तयार करणाऱ्या यंत्रातून) निघणारा वायू इतका दाट असतो की तिथे पीपीएम कुणी वापरत नाही. तिथे ग्रॅम प्रति घनमीटर किंवा वजनी टक्के चालतात. ऑक्सिजनवर चालणाऱ्या जनरेटरचा १० टक्के वजनी वायू म्हणजे साधारण १४८ ग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर. १०० ग्रॅमवाला वायू वजनाने ६.८ टक्के असतो, आकारमानाने ४.७. कोरड्या हवेवर चालणाऱ्या यंत्राचा २ टक्के वजनी वायू सुमारे २६ ग्रॅम. "नॉर्मल" घनमीटर म्हणजे शून्य अंशाला मोजलेला. त्या तापमानाला ओझोनची घनता २.१४ ग्रॅम प्रति लिटर.

हे सगळं जोडणारं सूत्र छोटं आहे. वायूचा प्रवाह (घनमीटर प्रति तास) गुणिले दाटपणा (ग्रॅम प्रति घनमीटर) = ग्रॅम प्रति तास. त्याला पाण्याच्या प्रवाहाने (घनमीटर प्रति तास) भागलं की आली मात्रा, मिग्रॅ प्रति लिटरमध्ये. ५ लिटर प्रति मिनिट ऑक्सिजन म्हणजे तासाला ०.३ घनमीटर, ६० ग्रॅमचा दाटपणा असेल तर तासाला १८ ग्रॅम, पाणी तासाला ६ घनमीटर असेल तर मात्रा ३ मिग्रॅ प्रति लिटर.

पण ही दिलेली मात्रा झाली. पाण्यात उरलेला ओझोन म्हणजे रेसिड्युअल हा वेगळा आकडा. दिलेल्यातला काही वायू विरघळतच नाही, बुडबुड्यांबरोबर वर निघून जातो. विरघळलेल्यातला काही लोह, मँगनीज, सेंद्रिय घाण यांच्यावर खर्च होतो. काही आपोआप विघटित होतो. मीटरवर दिसतो तो उरलेला. कोटेशनमध्ये लिहिलेला असतो तो दिलेला.

शंका विचारा. आकडे देताना यंत्रावर काय छापलंय, पाणी किती, हवा किती, तापमान किती, एवढं लिहा म्हणजे हिशोब करता येईल.

अबोली

धागा अगदी वेळेवर आला. आमच्या सोसायटीत बऱ्याच जणींनी भाज्या-फळं धुवायचं ओझोन यंत्र घेतलंय, मीही घेतलंय. खोक्यावर ४०० मिग्रॅ प्रति तास लिहिलंय, आतल्या पंपाची हवा ३ लिटर प्रति मिनिट. पाच लिटरच्या टबात दहा मिनिटं नळी सोडायची. विकणाऱ्याने सांगितलं की टबात १३ पीपीएम ओझोन होतो आणि कीटकनाशक पूर्ण निघून जातं. हे बरोबर आहे का? स्वयंपाकघर आठ बाय नऊ फूट, उंची दहा.

झरा

अबोलीताई, सगळे आकडे दिलेत, आता नीट हिशोब होतो.

आधी १३ कुठून आला ते बघू. तासाला ४०० तर दहा मिनिटांत ६७ मिग्रॅ. भागिले ५ लिटर, १३.३. म्हणजे हा आकडा दिलेल्या मात्रेचा आहे. पाण्यात तेवढा ओझोन असणं शक्यच नाही. का, ते वायूच्या दाटपणावरून कळतं.

३ लिटर प्रति मिनिट म्हणजे तासाला १८० लिटर हवा. ४०० भागिले १८०, म्हणजे त्या नळीतल्या हवेत लिटरमागे २.२ मिग्रॅ ओझोन. पाणी किती ओझोन धरून ठेवेल हे या दाटपणावर आणि तापमानावर ठरतं. हेन्रीचा नियम. वायूतल्या दाटपणाच्या किती पट पाण्यात उतरेल याचं गुणोत्तर शून्य अंशाला सुमारे ०.६४, २० अंशाला ०.२४, ३० अंशाला ०.१५. आपल्याकडचं नळाचं पाणी ३० अंशाच्या आसपास धरा: २.२ गुणिले ०.१५ = ०.३३ मिग्रॅ प्रति लिटर. ही कमाल झाली. चार बोटं पाण्यातून बुडबुडे क्षणात वर येतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच भरेल. नळी दहा मिनिटांऐवजी तासभर सोडली तरी ही मर्यादा हलत नाही. हलवायची तर वायू दाट हवा किंवा पाणी थंड हवं.

आता उरलेला ओझोन गेला कुठे? तुमच्या स्वयंपाकघरात. ७२० घनफूट म्हणजे सुमारे २० घनमीटर. ६७ मिग्रॅपैकी जवळजवळ सगळा हवेत आला असं धरलं तर ६७ भागिले २० = ३.३ मिग्रॅ प्रति घनमीटर. १.९६ ने भागा: १.७ पीपीएम. कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांची सरासरी मर्यादा ०.१ पीपीएम आहे. भिंती, पडदे, कपडे ओझोन खातात आणि खिडकीतूनही काही जातो, त्यामुळे खोलीची सरासरी १.७ पर्यंत पोचणार नाही. पण टबावर वाकून भाजी हलवताना तुमचं नाक त्या सरासरीत नसतं, बुडबुडे फुटतात नेमक्या तिथे असतं.

म्हणून यंत्र वापरायचंच असेल तर टब एक्झॉस्ट फॅनखाली किंवा गॅलरीत ठेवा आणि चालू असताना जवळ थांबू नका. "कीटकनाशक पूर्ण निघतं" या दाव्यावर विसंबू नका. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं, कोबीची वरची पानं काढणं, हे चालू ठेवा.

अबोली

बाप रे. त्या वासाला सगळ्या "शुद्धतेचा वास" म्हणतात. ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकते, चालेल ना?

झरा

जरूर टाका. आणि वासाबद्दल एक सांगा: ओझोनचा वास मर्यादेच्या खूप खालीच येऊ लागतो, पण थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास जाणवेनासा होतो. तेव्हा वास थांबला म्हणजे ओझोन संपला, असं समजू नये.

सह्यकडा

मी ऑक्सिजन आणि ओझोनच्या यंत्रणा बसवतो. झरा यांच्या सूत्रात एक जागा आहे जिथे प्रत्यक्ष साइटवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, ती सांगतो: प्रवाह मोजणारा रोटामीटर.

दाटपणा "नॉर्मल" घनमीटरवर दिलेला आणि प्रवाह खोलीच्या तापमानाला मोजलेला, असं असेल तर थेट गुणाकार चुकतो. पुण्यात ३२ अंशाला १ घनमीटर वायू म्हणजे किती नॉर्मल घनमीटर? २७३ भागिले ३०५ म्हणजे ०.८९५, आणि पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ०.९४ च्या आसपास. गुणाकार ०.८४. म्हणजे सोळा टक्के गेले.

शिवाय रोटामीटर हवेसाठी कॅलिब्रेट केलेला आणि आतून ऑक्सिजन जात असेल तर वाचन ०.९५ ने गुणायचं, कारण ऑक्सिजन जड. आणि रोटामीटर दाबाखाली असेल तर दाबाच्या वर्गमुळाने सुधारणा करावी लागते. गेजवर १ बार असेल तर निरपेक्ष दाब साधारण दुप्पट, म्हणून प्रत्यक्ष प्रवाह वाचनाच्या १.४१ पट. मी अशा साइट पाहिल्या आहेत जिथे जनरेटर कमी चालतो म्हणून तक्रार होती आणि दोष फक्त रोटामीटर व्हॉल्व्हच्या आधी बसवलाय की नंतर, याचा होता.

खाडीकाठ

आमचा सिंधुदुर्गात जारच्या पाण्याचा छोटा प्लांट आहे. आरओ तासाला २००० लिटर. ओझोन जनरेटरवर ४ ग्रॅम प्रति तास लिहिलंय, हवेवर चालतो. हवा ४ लिटर प्रति मिनिट. सप्लायर म्हणतो "दोन पीपीएम बसतंय". पण जार भरताना किटने बघितलं तर रंगच येत नाही. पावसाळ्यात तर बिलकूल नाही. जनरेटर बदलायचा काय?

झरा

दादा, बदलायच्या आधी मोजा. ४ ग्रॅम भागिले २ घनमीटर = २ मिग्रॅ प्रति लिटर, म्हणजे सप्लायरचे दोन हे दिलेल्या मात्रेचे, आणि तेही यंत्र पाटीप्रमाणे चालत असेल तर. पाटीवरचा आकडा कोरड्या हवेचा असतो. पुरवठ्याच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) उणे ६० अंशाच्या आसपास हवा, म्हणजे हवा अगदी कोरडी. कोकणातली जूनमधली हवा ड्रायरशिवाय आत गेली तर उत्पादन कोसळतं आणि वर नायट्रिक आम्ल तयार होऊन इलेक्ट्रोड खराब होतात. तुमच्या जनरेटरच्या आधी सिलिका जेल आहे का? त्याचा रंग काय आहे?

दुसरं, ओझोन मिसळल्यावर पाणी किती वेळ टाकीत थांबतं? २० अंशाला, सातच्या आसपास पीएचला विरघळलेल्या ओझोनचं अर्धायुष्य साधारण २० मिनिटं; ३० अंशाला १२ च्या आसपास. दोन तास साठवलेल्या पाण्यात काही उरणारच नाही.

खाडीकाठ

जेल गुलाबी झालंय. कधी बदललं ते आठवत नाही. ओझोन झाल्यावर पाणी हजार लिटरच्या टाकीत जातं, तिथून भरतो.

रसायनी

गुलाबी म्हणजे ओलं, दादा. निळं असायला हवं. ओव्हनमध्ये तापवून परत निळं करता येतं.

मी प्रयोगशाळेत काम करते, जनरेटरचं उत्पादन मोजायची जुनी आणि भरवशाची पद्धत सांगते. जवळच्या महाविद्यालयातसुद्धा करून मिळेल. दोन बाटल्यांत २ टक्के पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण घ्यायचं, एकामागे एक जोडायच्या. पहिलीतून निसटलेला ओझोन दुसरीत सापडतो. त्यामागे पाण्याने भरलेली उलटी बाटली, म्हणजे वायूने जेवढं पाणी बाहेर ढकललं तेवढं त्याचं आकारमान. दोन लिटर वायू गेला की थांबायचं. द्रावण तपकिरी-पिवळं होतं, ते सुटलेलं आयोडीन. मग थोडं सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि ०.१ नॉर्मल (इथे "नॉर्मल" हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजायचं. फिकट पिवळं झालं की स्टार्च टाकायचा, निळा रंग जातो तिथे शेवट.

०.१ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिली = २.४ मिग्रॅ ओझोन. समजा ८.४ मिली लागलं: २०.२ मिग्रॅ, दोन लिटरमध्ये. म्हणजे १०.१ ग्रॅम प्रति घनमीटर.

सह्यकडा यांच्या मुद्द्याला धरून एक: आकारमान खोलीच्या तापमानाला मोजलं आणि प्रवाहही त्याच तापमान-दाबाला मोजला, तर ग्रॅम प्रति तास काढायला "नॉर्मल"मध्ये जायची गरजच नाही. दोन्हींचा पाया एक असला की झालं. उघड्या खिडकीशी करा आणि बाहेर पडणारा वायू नळीने दूर सोडा.

आणि तुमचं किट कुठलं आहे? क्लोरीनचं डीपीडी किट (रंगावरून क्लोरीन मोजणारं) असेल तर त्यावरचा आकडा क्लोरीनचा असतो. ओझोनसाठी ०.६८ ने गुणायचं, कारण ४८ भागिले ७१. पाण्यात थोडंही क्लोरीन असेल तर तेही त्याच रंगात मिसळतं. इंडिगो पद्धतीत हा त्रास बराच कमी असतो. ओझोन निळा रंग घालवतो आणि किती गेला ते मोजतात.

दवबिंदू

मला एक कळत नाही. ओझोनचा शेवटी ऑक्सिजनच होतो, मागे काही राहत नाही. मग जारमध्ये थोडा जास्त सोडला तर बिघडलं काय? क्लोरीनपेक्षा बरंच की.

झरा

हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो, आणि कोकणात तो धोक्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

ओझोनचा ऑक्सिजन होतो हे खरं. पण जाता जाता तो पाण्यातल्या ब्रोमाइडचं ब्रोमेट करतो, आणि ब्रोमेट मागे राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. उकळून ते जात नाही. ब्रोमाइड असतं समुद्राच्या पाण्यात, म्हणजे खाडीकाठच्या ज्या बोअरला खारं पाणी शिरलंय तिथेही. आरओ त्यातलं बहुतेक काढतो. पण चवीसाठी किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायला कच्चं पाणी परत मिसळलं आणि मग ओझोन सोडला, तर ब्रोमाइड मागच्या दाराने आत आलं. मात्रा जितकी जास्त, वेळ जितका जास्त, पीएच जितका वर, तितकं ब्रोमेट जास्त.

अमेरिकेत बाटलीबंद पाण्यासाठी भरतानाचा उरलेला ओझोन जास्तीत जास्त ०.४ मिग्रॅ प्रति लिटर ठेवायचा नियम आहे. मी स्वतः ०.२ ते ०.४ च्या पुढे जाऊ नका असंच सांगेन. दादा, तुमच्याकडे ब्लेंडिंग आहे का?

खाडीकाठ

आहे. टीडीएस फार खाली जातं म्हणून थोडं बोअरचं सोडतो.

झरा

मग एकदा ब्रोमाइड आणि ब्रोमेट दोन्ही तपासून घ्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. तोवर ब्लेंडिंग बंद ठेवलं तर उत्तम. टीडीएससाठी खनिजांचं डोसिंग करता येतं.

तळेगाव_पंप

०.४ पीपीएम चार मिनिटं ठेवलं की पाणी निर्जंतुक, असं आम्हाला शिकवलं होतं. चालतं का?

झरा

०.४ गुणिले ४ = १.६, याला सीटी म्हणतात, दाटपणा गुणिले वेळ. अमेरिकेच्या तक्त्यांप्रमाणे २५ अंशाला जिआर्डिया हा पाण्यातला परजीवी हजारात एक उरेल इतका मारायला ०.४८ पुरतो, १० अंशाला १.४३ लागतो. विषाणूंसाठी याहून कमी. क्रिप्टोस्पोरिडियम हा दुसरा परजीवी मात्र चिवट: २५ अंशालासुद्धा शंभरात एक उरवायला ४.९ लागतो.

खरी मेख "चार मिनिटं" मध्ये आहे. १०० लिटरच्या टाकीतून तासाला २००० लिटर जात असेल तर कागदावर तीन मिनिटं होतात. पण आत आडव्या-उभ्या पट्ट्या नीट नसतील तर काही पाणी सरळ आडमार्गाने निघून जातं. म्हणून सगळ्यात लवकर बाहेर पडणाऱ्या दहा टक्के पाण्याचा वेळ धरतात. साध्या टाकीला तो कागदावरच्या वेळाच्या ०.३ पट, कधी त्याहूनही कमी. तीनाचं झालं ०.९ मिनिट. ०.३ मिग्रॅ उरलेला असेल तर सीटी ०.२७. दुप्पट जनरेटर घेण्यापेक्षा टाकीत पट्ट्या टाकणं स्वस्त पडतं.

गच्ची

जरा वेगळं. प्रदूषण मंडळाच्या फलकावर ओझोन मायक्रोग्रॅममध्ये आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग). जुळवायचं कसं?

रसायनी

पीपीबी गुणिले १.९६ = मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, २५ अंशाला. आपलं आठ तासांचं राष्ट्रीय मानक १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५१ पीपीबी. एका तासाचं १८०, म्हणजे ९२. युरोपात २० अंश धरतात, तिथे गुणक २.० येतो. अ‍ॅपवरचा आकडा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) असेल तर तो दाटपणाच नव्हे, निर्देशांक आहे. त्याला हा गुणक लावू नका.

चांदणवेल

माझ्या सासऱ्यांना दमा आहे. त्यांच्या खोलीसाठी नातेवाइकांनी ओझोन सोडणारं हवा शुद्धीकरण यंत्र पाठवलंय, ५०० मिग्रॅ प्रति तास. खोली दहा बाय बारा. लावू का?

झरा

लावू नका, ताई. खोली ३४ घनमीटर धरा. भिंती आणि वायुवीजन मिळून तासाला चार वेळा ओझोन धुऊन काढतात असं समजलं तरी स्थिरावलेला दाटपणा ५०० भागिले (३४ गुणिले ४), म्हणजे ३.७ मिग्रॅ प्रति घनमीटर, १.९ पीपीएम. दारं-खिडक्या लावलेल्या असतील तर आणखी वर. ५ पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. कॅलिफोर्नियात घरगुती हवा यंत्रांना ०.०५ पीपीएमच्या वर ओझोन सोडायला बंदी आहे. आणि माणसाला चालेल इतक्या कमी ओझोनने खोलीतली हवा फारशी शुद्ध होत नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संस्थाही स्पष्ट सांगते. दम्याच्या माणसाजवळ हे यंत्र नकोच. हेपा फिल्टरवालं (बारीक धूळ जाळीत अडवणारं) घ्या, आणि त्यातही "आयोनायझर"चं बटण असेल तर बंद ठेवा.

चांदणवेल

आजच परत पाठवते. खूप आभार.

खाडीकाठ

मंडळी, कॉलेजच्या सरांकडून दोनदा मोजून घेतलं. गुलाबी जेल असताना दोन लिटरला ८.४ मिली लागलं, रसायनीताईंनी उदाहरणात घेतला होता तोच आकडा निघाला. जेल तापवून निळं केल्यावर १३.५ मिली.

रसायनी

वा! ८.४ चे १०.१ ग्रॅम प्रति घनमीटर. तुमची हवा तासाला ०.२४ घनमीटर, म्हणजे २.४ ग्रॅम प्रति तास. १३.५ चे १६.२, म्हणजे ३.९ ग्रॅम. जनरेटर ठणठणीत आहे, पाटीप्रमाणेच चालतोय. दमट हवेने जवळजवळ चाळीस टक्के उत्पादन खाल्लं होतं.

झरा

म्हणजे मात्रा १.२ वरून १.९ मिग्रॅ प्रति लिटरवर आली. दादा, आता टाकी. हजार लिटरची साठवण ओझोनच्या आधी घ्या आणि ओझोननंतर फक्त छोटी संपर्क टाकी ठेवा, तिथून थेट भरणी. मग जारमधला उरलेला ओझोन सकाळी आणि दुपारी मोजा, कारण दुपारचं गरम पाणी कमी धरतं आणि लवकर गमावतं. ०.४ च्या वर गेलं तर हवेचा प्रवाह न बदलता जनरेटरची पॉवर कमी करा. भरणीच्या खोलीत टाकीच्या वरचा वायू साठू देऊ नका; त्याची नळी ओझोन नष्ट करणाऱ्या कार्ट्रिजमधून छपराबाहेर काढा.

खाडीकाठ

प्लंबर शनिवारी येतोय. बोअरच्या पाण्याचं ब्रोमाइड तपासायला रत्नागिरीला पाठवलंय, ब्लेंडिंगचा व्हॉल्व्ह बंद केलाय. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.